फरशी समतल करण्याबाबत

आमच्या स्वयंपाकघराची फरशी समतल नाही, ही बाब माझ्या धाकट्या भावाच्या निदर्शनास आली ती त्याच्या निवृत्तीनंतर एकविसाव्या दिवशी, सकाळी सव्वादहा वाजता. त्याआधी एकतीस वर्षं तो त्याच फरशीवर उभा राहून चहा पीत होता. पण तेव्हा तो नोकरीत होता, आणि नोकरीतल्या माणसाच्या निदर्शनास फक्त दुसऱ्यांच्या बाबी येतात.

झालं असं, की ओट्यावरून एक कांदा पडला. पडून थांबला नाही. आपल्या मनाने निघाला, टेबलाखालून गेला आणि मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. भावजयीने मान न वळवता दोन पावलं मागे येऊन तो उचलला. घर जुनं आहे. त्यात जे पडतं ते त्या कोपऱ्यात जातं: कांदे, बटणं, सुटी नाणी, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. हरवलेली वस्तू आमच्याकडे कुणी शोधत नाही, कोपऱ्यातून घेऊन येतं.

"हा कांदा का गेला?" भावाने विचारलं.

"पडला म्हणून," भावजय म्हणाली.

"पडला हे मान्य. गेला का?"

भाऊ वजनमापे खात्यात तपासनीस होता. चौतीस वर्षं त्याने दुकानदारांचे तराजू, दूधवाल्यांची मापं आणि गवंड्यांच्या टेपा तपासल्या. खात्याने निरोप देताना त्याला एक पाणसळ भेट दिली होती. हातभर लांब, पिवळी पट्टी. मधे काचेची नळी, नळीत हिरवं पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधे थांबला की वस्तू समतल. भावाने पाणसळ आणली, गुडघ्यांवर बसला, फरशीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. भावाचा चेहरा असा झाला, जणू घरातच कुणी खोटं वजन वापरताना सापडलं होतं.

खरं तर त्या आठवड्यात भावजयीने त्याच्याकडे एक फळी मागितली होती. फक्त एक फळी. घरामागच्या रुग्णालयातल्या अकरा नर्सना ती दुपारचा डबा देते, सोळा वर्षं झाली. अकरा डबे ओट्यावर मांडले की भाजी चिरायला जागा उरत नाही. भिंतीवर एक फळी झाली असती तर काम भागलं असतं. एका सकाळचं काम.

"पंधरा दिवस लागतील," भाऊ म्हणाला.

"फळीला?"

"फळी हा कामाचा एक भाग आहे. आधी स्थिती दुरुस्त करावी लागेल."

म्हणून मग भावजयीने रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरला विचारलं. मोठ्या सिस्टर स्पष्ट बोलणाऱ्या. "काकू, पंधरा दिवस आम्ही ब्रेडवर काढू. सोळाव्या दिवशी डबा नसला तर मात्र सगळ्या जणी कँटीनचं कार्ड घेणार. आणि ते कार्ड वर्षभराचं असतं, मधे सोडता येत नाही." भावजयीने घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात सोळाव्या दिवसाभोवती लाल गोल केला. दोनदा गिरवला.

गवंडी बोलावण्याचा प्रश्न नव्हता. "चौतीस वर्षं मी ज्यांची मापं पकडली, त्यांच्याच हातात घर देऊ?" असं भाऊ म्हणाला. आमच्या गल्लीच्या टोकाला जो मिस्त्री राहतो, त्याची टेप याने एकदा जप्त केली होती. तिचे सुरुवातीचे दोन इंच तुटलेले होते. मिस्त्री सांगत होता, "साहेब, दोन इंच मी मनात वजा करतो." याने दंडाच्या पावतीवर लिहिलं होतं, 'मन हे मान्यताप्राप्त साधन नाही.'

तेव्हा काम घरच्या घरीच. कामाची नोंदवही माझ्याकडे दिली, कारण मी एकेक अक्षर सुटं आणि मोठं लिहिते.

पहिल्या दिवशी फळी लागली. बुडबुडा बरोबर मधे. अडचण एकच झाली. फळी इतकी सरळ होती, की तिच्यापुढे बाकीचं स्वयंपाकघर वाकडं दिसू लागलं.

"जरा कलल्यासारखी वाटते हो," भावजय म्हणाली.

"फळी कललेली नाही. ओटा कललेला आहे."

"मग ओट्यासारखीच लावा ना. मला डबे ठेवायचेत, परीक्षेला नाही बसायचं."

"म्हणजे एका चुकीच्या शेजारी दुसरी चूक?"

वहीत मी लिहिलं: 'ओटा दोषी आढळल्याने फळी तात्पुरती उतरवण्यात आली.' तिसऱ्या दिवशी ओटा फोडला. फोडल्यावर कळलं की ओट्याचा काही दोष नव्हता. बिचारा फरशीवर उभा होता, फरशी जशी तसा तो. पाचव्या दिवशी फरशी उखडायला घेतली.

या काळात शेगडी बाहेरच्या खोलीत, मीठ-मसाला कपड्यांच्या कपाटात आणि भांडी न्हाणीत होती. आम्ही आठवडाभर चहातून सिमेंट प्यालो. भाजीत किती मीठ पडलं हे समजायला आधी तिच्यातली माती वजा करावी लागे, आणि मन हे मान्यताप्राप्त साधन नसल्यामुळे कुणी तक्रार करत नव्हतं. भाऊ फोनवर एक व्हिडिओ बघून शिकत होता. त्यातला तरुण अख्खी खोली अकरा मिनिटांत संपवायचा आणि त्याच्या शर्टाला डाग पडत नसे. भावाच्या शर्टांचा रंग ओळखू येईनासा झाला. रोज संध्याकाळी भावजय कॅलेंडरासमोर उभी राहायची, बोटाने घरं मोजायची आणि भांडी घासायला न्हाणीत जायची.

पण खोटं कशाला बोलू? फरशी त्याने घातली ती देखणी. दहाव्या दिवशी त्याने आम्हा दोघींना दारात उभं केलं, आत जाऊन बरोबर मधोमध एक कांदा ठेवला आणि बाजूला झाला. कांदा हलला नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आम्ही तिघं एका कांद्याकडे बघत होतो.

"लिही आक्का," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "कांदा स्थिर."

मग ओटा. ओट्याची प्रमाणित उंची त्याने एका पुस्तिकेतून काढली होती. ती उंची ज्या बाईची असेल ती आमच्या घरात राहत नव्हती. भावजय समोर उभी राहिली तेव्हा ओटा तिच्या बरगड्यांना लागला. लाटायला हात टाकले तर खांदे कानांपर्यंत आले.

"उंच झालाय हो."

भावाने तिला मापलं, पुस्तिका पाहिली, पुन्हा मापलं. मग मला म्हणाला, "लिही. वापरकर्ती प्रमाणित उंचीपेक्षा पाच इंचांनी कमी आढळली."

"एकतीस वर्षांनी आढळले होय मी?" भावजय म्हणाली.

तिच्यासाठी पायाखाली स्टूल आणलं तर ते डुगडुगू लागलं. टेबल डुगडुगत होतं, मांडणी डुगडुगत होती, खुर्च्याही. सगळ्यांचे पाय जुन्या फरशीवर झिजून झिजून तिच्यासारखे झाले होते. भावजय स्टुलावर उभी राहिली तर तीही एका बाजूला झुकलेली दिसली. भावाने न राहवून पाणसळ तिच्या दोन्ही खांद्यांवर आडवी ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला.

"तूसुद्धा!" तो म्हणाला.

"मग काय होणार? एक पाय खाली, एक वर, अशी उभी राहिलेय मी इथे. आता मलाही उखडून घालणार का?"

"तशी गरज नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "उजव्या चपलेत एक पट्टी घातली तर दुरुस्ती होण्यासारखी आहे."

भावजयीने स्टुलावरून उतरून नळ सोडला. मोठं पातेलं धुतलं आणि रोजच्या सवयीने पाणी खाली ओतलं. आमच्या मोरीत पाणी तसंच जातं, जमिनीवरून, कोपऱ्यातल्या भोकात. त्या दिवशी ते गेलं नाही. जायला त्याला काही कारणच उरलं नव्हतं. ते सगळ्या खोलीभर पसरलं आणि शांत उभं राहिलं.

भाऊ तडक पट्टी शोधायला गेला. मग पट्टी घेऊन चारही कोपरे मापून आला. "दोन मिलिमीटर! चारही ठिकाणी दोनच मिलिमीटर!" तो ओरडला. "अगं, खुद्द पाण्याने दाखला दिलाय!"

भावजय त्या दाखल्यात घोट्यांपर्यंत नाही, पण चपला भिजतील इतकी उभी होती. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "अहो, आज बारावा दिवस. अकरा जणींचे तांदूळ धुवायचे, अकरा जणींची भाजी धुवायची, बावीस भांडी. ते पाणी मी कुठे घालू?"

"टिपून घेता येईल. साधारण वीस मिनिटांचं काम."

"घ्या मग टिपून," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात फडकं देऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

माणूस नियमाचा पक्का. त्याने घेतलं. एका पातेल्याचं पाणी टिपायला त्याला एक तास चाळीस मिनिटं लागली. सगळा वेळ तो रांगत होता. संपलं तेव्हा भिंतीला धरून उठला, पण पूर्ण उठेना. कंबरेतून तसाच वाकलेला राहिला. मी पाणसळ घेतली आणि हलकेच त्याच्या पाठीवर ठेवली. बुडबुडा दिसेनासाच झाला.

"लिहू का रे?" मी विचारलं.

"नको, आक्का."

"मिस्त्रीला बोलावू?"

तो काही बोलला नाही. त्याच्या खात्यात याला तोंडी मंजुरी म्हणतात. मी चपला घातल्या.

मिस्त्री आला. दारात उभा राहून त्याने फरशी पाहिली, ओटा पाहिला, भिंतीला टेकलेल्या साहेबांकडे पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. "काम झकास झालंय साहेब. इतकं सपाट आम्हालासुद्धा जमायचं नाही. फक्त ढाळ राहिला."

"ढाळ म्हणजे उतारच ना? दोष?"

"दोष कसला? माझ्या बापाने ठेवला होता तो. चार फुटाला एक बोट, मोरीकडे. तेही मापच आहे."

"लेखी आहे कुठे?"

"लेखी नाही. पाण्याला ठाऊक आहे."

भावाने आपलं बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं. मग म्हणाला, "चार फुटाला एक बोट. कुणाचं बोट?"

"आता माझंच धरा साहेब. बापाचं कुठून आणू?"

सिमेंट अजून कच्चं होतं, म्हणून निभावलं. मिस्त्रीने उंच ओटा उतरवला आणि फरशीचा मोरीकडचा भाग उचलून ढाळ देऊन पुन्हा बसवला. भावाने कंबरेला पट्टा बांधून माल कालवून दिला, पाट्या उचलल्या आणि तीन दिवस एकदाही पाणसळ मागितली नाही. ओट्याच्या वेळी मिस्त्रीने खिशातून टेप काढली. भावाने पाहिलं, तिचे पहिले दोन इंच नव्हते. दोघांनीही एकमेकांकडे पाहणं टाळलं. मग मिस्त्रीने टेप परत खिशात टाकली.

"वहिनी, इकडे या. सरळ उभ्या राहा. हात वाकवा बघू कोपरात."

भावजयीने हात वाकवला. तिच्या कोपराखाली चार बोटं सोडून त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"हे कोणतं माप?" भावाने विचारलं.

"वहिनींचं."

भावजय हात तसाच वाकवून त्या रेघेकडे बघत राहिली. मग उगाचच ओट्याच्या जागी फडकं मारायला लागली, जिथे अजून ओटा नव्हता.

सोळाव्या दिवशी सकाळी नवा ओटा ओला होता. तिने शेगडी एका कडेला ठेवली आणि कामाला लागली. फळीची आठवण तेव्हा कुठे झाली. भाऊ पाणसळ आणायला निघाला तोवर तिने एका डोळ्याने अंदाज घेतला आणि दोन आधार ठोकून मोकळी झाली. फळी कललेली होती. अकरावा डबा हळूहळू कडेकडे सरकू लागला. तेव्हा भावाने खिशातून एक कागद काढला, त्याची चौपट घडी केली आणि डब्याखाली सारली. डबा थांबला. कागदावर त्याने आदल्या दिवशी लिहिलेला अंतिम अहवाल होता. 'फरशी हेतुपुरस्सर असमतल करण्यात आली असून सदर असमतलता मंजूर आहे.' तेवढंच वाक्य मला वाचता आलं, बाकीचं घडीत गेलं.

मोठ्या सिस्टर फाटकाशी उभ्या होत्या. हातात कँटीनचे अकरा अर्ज, भरलेले, फक्त सह्या राहिलेल्या. डबे बारा मिनिटं उशिरा गेले. सिस्टरने पहिल्या डब्याचं झाकण तिथेच उघडलं, वास घेतला आणि अर्ज पर्समध्ये कोंबले. "काकू, पुन्हा फळी लावू नका हं," एवढंच म्हणाल्या.

पाणसळ आता आमच्याकडे खुंटीला टांगलेली आहे. कांदा पडला की पूर्वीसारखा कोपऱ्यात जातो, आणि भाऊ खुर्चीतून त्याच्याकडे बघून मान डोलावतो, जणू त्यानेच पाठवला. ही हकिकत गल्लीत पसरल्यावर लोक पोट धरून हसले. आणि हसून झाल्यावर एकेक जण पाणसळ मागायला येऊ लागला. आतापर्यंत सात जण झाले. एकाला शेजाऱ्याची भिंत बघायची होती, एकीला सुनेने मांडलेलं कपाट, एकाला वरच्या मजल्यावरचं छज्ज्याचं काम, एकाला भावाच्या वाटणीची खोली. स्वतःच्या घरासाठी म्हणून अजून कुणी मागितली नाही.

तुम्हीही हसत हसत इथवर आला आहात. पाणसळ हवी असेल तर खुशाल न्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त वहीत नाव लिहायचं असतं, तेवढं सांगा. कुणाच्या घरासाठी?