बदामाखालची सभा

आमच्या नावड्यात कुठल्याही कार्याला चार माणसं जमली, की विसरामदादा आधी डोकी मोजतो. बारसं असो, हळद असो, सत्यनारायण असो. दाराशी चपला काढता काढताच त्याचं बोट हवेत फिरायला लागतं, ओठ हलतात, आणि मग तो जाहीर करतो, "कोरम भरला. करा सुरू."

नाही भरला तर सुरू करू देत नाही. माझ्या धाकट्याच्या हळदीला त्याची आत्या वेळेवर पोचली नव्हती. नवरा पाटावर उघड्या अंगाने बसलेला, डीजेवाला घड्याळ बघतोय, बायका वाट्या घेऊन उभ्या, आणि हा मधे येऊन बोलला, सभा तहकूब, अर्ध्या तासानं परत बसू. आणि लोक थांबले हो. अर्ध्या तासानंही आत्या आली नाही. तर म्हणतो, आता लावा हळद, तहकूब सभेला कोरम लागत नाही, ग्रामसभेचा नियमच हाय. माझ्या मुलाला नियमाप्रमाणे हळद लागली, असं आमच्या घरात अजून म्हणतात.

दादा दोनदा उपसरपंच होता. मग महापालिका आली आणि आमची ग्रामपंचायत गेली. पंचायतीच्या कचेरीचा बोर्ड उतरला, गावातल्या लोकांनी चाळींवर मजले चढवले, भाडेकरू ठेवले, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. दादानेही मजले चढवले. वर-खाली तळोज्याच्या कारखान्यांतली पोरं भाड्याने, मधल्या दोन खोल्यांत हा एकटा. मुलगा कोपरखैरण्याला. पण कारभार अजून पंचायतीचाच. पाण्याचा पंप किती वाजता लावायचा याचा ठराव होतो. सूचक हा, अनुमोदक जो जिन्यात सापडेल तो. ओडिशाचा एक पोरगा तर मराठीतला पहिला शब्द 'अनुमोदन' शिकला. 'पाणी' त्याच्या नंतर.

या माणसाची जत्रा म्हणजे वर्षातून एकदा खारघरला होणारं तीन दिवसांचं शिबिर. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले सरपंच, पंचायत सदस्य, बचत गटांच्या बाया येतात. गावाचा आराखडा कसा करायचा, ग्रामसभेत कसं बोलायचं, असलं सगळं शिकवतात. आमच्या महिला गटाकडे तिथल्या जेवणाचं काम आहे, म्हणून मीही असतेच, स्वयंपाकघरात. दादाने एवढी शिबिरं केलीत, की शिकवणारे सर विसरले तर पुढचं वाक्य हाच सांगतो. प्रत्येक शिबिराची 'नेतृत्व विकास' छापलेली एक कापडी पिशवी मिळते. त्याच्या घरी कांदे, बटाटे, लसूण, सगळं नेतृत्व विकासाच्या पिशव्यांत टांगलेलं असतं.

यंदा मात्र गडबड झाली. नोंदणीच्या टेबलाशी नवीन मॅडम होत्या, प्राजक्ता नावाच्या. गोड मुलगी, पण कागदाला पक्की. दादा इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, असा सकाळी आठलाच हजर. मॅडमनी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, काका, तुम्ही आता शहरात येता, हे ग्रामीण भागाचं शिबिर आहे.

"पंचायत गेली मॅडम," दादा बोलला. "गाव कुटं गेलाय? गाव हायच की."

मॅडमना वाईट वाटलं, पण त्या हलल्या नाहीत. शेवटी दादा म्हणाला, मग तसं लेखी द्या. बिचारीने खरंच दिलं. सही-शिक्क्यासकट. त्याने कागदाची चार घड्यांची घडी केली, खिशात ठेवली, आणि माझ्या स्वयंपाकघरासमोर बदामाच्या झाडाखाली जे बाकडं आहे त्यावर जाऊन बसला. मी म्हटलं, दादा, घरी जा, ऊन आहे. तर म्हणतो, नाय वैनी, संध्याकाळपर्यंत त्यांचा विचार बदलंल. मना आत जायचंय. तीन दिवस हायत.

आता दुसरी गोष्ट सांगते. सरपंचबायांबरोबर त्यांचे नवरेही येतात. बाईला एकटीने एवढ्या लांब कसं पाठवायचं, म्हणून सोडायला येतात, आणि मग जातच नाहीत. यंदा असे आठ होते. त्यातला केशव म्हणजे कहर. त्याची बायको मंजुळा, कर्जतच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची, पहिल्यांदाच सरपंच झालेली. मॅडमनी तिला नाव विचारलं, सांगितलं केशवने. वय विचारलं, केशवने सांगितलं. जेवताना मी तिला विचारलं, भात वाढू का गं? "वाढा थोडा," केशव म्हणाला. मी तो भात त्याच्याच पानात वाढला.

मॅडमनी नवऱ्यांना हॉलबाहेर काढलं, तर ते खिडकीशी. आतून प्रश्न आला की बाई आधी खिडकीकडे बघणार. नवरा ओठ हलवणार, मग ही बोलणार. मॅडम रडकुंडीला आल्या. खिडक्या लावाव्यात तर आत उकडून जीव जातो.

दुपारी बघते तर खिडकीशी एकही नवरा नाही. आठच्या आठ बदामाखाली. दादाने चहा सांगितला होता, डोकी मोजली होती आणि सभा लावली होती. विषय क्रमांक एक, चहा. विषय क्रमांक दोन, ज्याने त्याने आपल्या गावात पाणी कुठून येतं ते सांगणे. विषय क्रमांक तीन, आयत्या वेळचे विषय. कोणी हॉलकडे जायला उठला की दादा म्हणायचा, बस, तू गेला तर कोरम मोडंल. आणि बसायचे हो. मोठाले बाप्ये, मिशावाले.

दुसऱ्या दिवशी त्याने आठही जणांना मेट्रोत बसवून पार पेंधरपर्यंत नेलं आणि परत आणलं. मग पुन्हा नेलं, कारण एकजण म्हणाला की मी उलट्या बाजूला बसलो होतो, डोंगर दिसला नाही. इकडे हॉलमध्ये तोपर्यंत बायांनी खिडकीकडे बघायचं सोडून दिलं होतं. एक बाई तर सरांशी भांडली म्हणे, ग्रामसेवकाच्या सहीवरून. मॅडम हसत हसत स्वयंपाकघरात आल्या, म्हणाल्या, काकी, आज पहिल्यांदा मला त्यांचे आवाज ऐकू आले. मी बोटाने पेंधरची दिशा दाखवली.

संध्याकाळी मॅडम बदामाखाली आल्या. हातात पिशवी, वही, पेन. म्हणाल्या, काका, मी वरिष्ठांशी बोलले, तुमचं नाव घातलं. उद्या तुम्ही आत बसा, पहिल्या रांगेत.

मला वाटलं आता हा उडीच मारेल. दोन दिवस ज्यासाठी बसला होता ते मिळालं होतं. दादाने पिशवी हातात घेतली, शिलाई बघितली, चांगली आहे म्हणाला, आणि परत दिली.

"मी आत बसलो, तर हे सगले खिडकीशी जातील," तो बोलला. "उद्या त्यांच्या बाया आराखडा मांडनार. मी हितंच बरा."

तिसऱ्या दिवशी दुपारी एकेक बाई उभी राहून पाहुण्या अधिकाऱ्यांपुढे आपल्या गावाचा आराखडा सांगणार होती. नवरे अस्वस्थ. हॉलच्या स्पीकरचा आवाज बदामापर्यंत येत होता, त्यामुळे उठ-बस सुरू झाली. दादाने ठराव मांडला की मंडळींनी संध्याकाळची मेथी निवडावी. अनुमोदन मी दिलं, मला गरजच होती. आठ बाप्ये पेपर पसरून मेथी निवडायला बसले. निम्मी देठं पानांत गेली ती मी नंतर वेगळी केली, ते सोडा.

मंजुळाचं नाव पुकारलं. केशवच्या हातातली जुडी थांबली. आमच्या गावात एकशे... असं काहीतरी ती बोलली आणि गप्प झाली. स्पीकरवर नुसती खरखर. केशव उठलाच. म्हणाला, अडकली ती, विहिरीचं मी लिहून दिलंय, मी जाऊन सांगतो.

दादाने त्याचं मनगट धरलं.

"बस रं बाला. तिची तिला निघंल."

आणि निघाली. हळूच बोलली, पण बोलली. म्हणाली, कागदात विहीर रस्त्याला लागून लिहिली आहे, ती तिथं नको. तिथं पुलाच्या कठड्यावर दिवसभर पुरुष बसलेले असतात, आताच्या पाण्याची वाटही तिथूनच जाते, म्हणून बाया पाण्याला पहाटे अंधारात जातात, साप-विंचू असतात. विहीर शाळेच्या मागे द्या, म्हणजे आम्हाला दिवसा जाता येईल.

आत टाळ्या झाल्या. केशव खाली बसला. जुडी पुन्हा हातात घेतली.

"त्या कठड्यावर मीच बसतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरी कधी बोलली नाही मला."

बाकीचे हसले. दादा हसला नाही. मी चहाचे कप गोळा करायला गेले तेव्हा तो माझ्याशी बोलला, पण माझ्याकडे न बघता. म्हणाला, वैनी, आमची पारू पाच वर्षं सरपंच व्हती.

हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. पारूबाय म्हणजे दादाची बायको. ती खुर्चीत बसायची, पदर नीट घेऊन, आणि सभा दादा चालवायचा. तिच्या नावाने बोलायचा, सही कुठे करायची तिथे बोट ठेवायचा. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पारूबायच्या दिवसकार्यालाही लोक म्हणाले, काय जोडी होती, तिला कधी तोंड उघडावं लागलं नाही.

"एकदा ग्रामसभेत ती उठली व्हती," दादा म्हणाला. "पदर सावरला, उभी ऱ्हायली. मी बोललो, तू बस, मी सांगतो. ती बसली. मना तवा कोनी हात धरून भायेर न्हेला नाय, वैनी. चहा पाजायला."

मी विचारलं, काय बोलणार होती ती?

"तेच तर मना ठाव नाय," तो बोलला. "घरी मी कधी इचारलाच नाय."

आत दुसऱ्या बाईचं नाव पुकारलं होतं. दादाने केशवच्या पुढ्यातली उरलेली मेथी आपल्याकडे ओढून घेतली.

"जा," म्हणाला त्याला. "दाराशी उभा ऱ्हा. ती भायेर आली का तिला इचार, अजून काय काय बोलायचा व्हता. आनि मग गप ऱ्हा."