सोनबाच्या ढोलीला भोकं किती?

एका जंगलात, बाळांनो, त्या दिवशी सकाळपासून बोचरं वारं सुटलं होतं. ऊन होतं, पण नावाला. माकडं एकमेकांच्या कुशीत शिरून बसली होती. म्हातारा सोनबा शेकरू मात्र आपल्या ढोलीत पाय ताणून बसला होता. त्याच्या उशाशी शेवरीच्या कापसाचा एक पुंजका होता. बाहेर सगळं झाड हलायचं, पण आतला तो पुंजका काही हलायचा नाही. अशी ती ढोली.

पण सोनबाला ती विकायची होती. त्याची लेक ओढ्यापलीकडे दिलेली. तिला नुकतीच पिल्लं झाली होती, आणि तिच्या शेजारची एक फांदी मिळत होती. ढोली विकली तर फांदी घेता येणार होती. नातवंडांनी डोळे उघडले, की पहिल्यांदा आजोबाच दिसला पाहिजे, एवढीच त्याची हौस.

आता त्या जंगलातली रीत ऐका. झाडं सगळी अस्वलाची. राहणाऱ्याला ढोली मिळायची ती पट्ट्यानं. जितक्या वर्षांचा पट्टा, तितकी भोकं सुतारपक्षी ढोलीच्या भिंतीला पाडायचा. एक पावसाळा सरला, की अस्वल येऊन एक भोक डिंकानं बुजवून जायचं. उघडी भोकं म्हणजे उरलेली वर्षं. सोनबाची ढोली त्याच्या आजोबाच्या वेळची. बुजत बुजत दारापाशी चारच भोकं राहिली होती. म्हणून तर ती इतकी उबदार होती.

ढोली बघायला एक पोपट आला, नवी नवरी घेऊन. नवरी आत शिरली आणि तिथेच डोळे मिटून बसली, इतकी तिला ऊब आवडली. पोपट मात्र भिंतीवरून चोच फिरवत होता.

"आजोबा, भोकं चारच?"

"चारच आहेत. पण वारा शिरत नाही बघा."

"वाऱ्याचं काय घेऊन बसलात? चार भोकांची ढोली उद्या आमच्याकडून कोण घेईल?"

आणि गेला की उडून. मग साळुंकी आली, धनेश आला. भोकं मोजली आणि तेही गेले.

वरच्या फांदीवर पिंगळी राहायची. दिवसा डोळे मिटलेले, कान उघडे. ती म्हणाली, "भावजी, आधी पट्टा वाढवून घ्या, मग विका. जग ऊब बघत नाही, भोकं बघतं."

सोनबा अस्वलाकडे गेला. अस्वलानं पोट खाजवत बराच विचार केला, आणि सोनबानं थंडीसाठी साठवलेली अर्धी फळं ठेवून घेतली. पट्टा शंभर वर्षांचा करून दिला, आणि वर बजावलं, की भोक आरपार हवं. आत बसून पलीकडचा उजेड दिसला नाही, तर ते वर्ष धरणार नाही.

सुतारपक्षी कामाला लागला. पहिल्या दिवशी सोनबाला गंमत वाटली. मग शेपटी पांघरावी लागली. मग शेपटीतूनही वारं जाऊ लागलं. कापसाचा पुंजका या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारू लागला.

"अरे लेका," सोनबा काकुळतीनं म्हणाला, "राहायला थोडी भिंत ठेव."

"आजोबा, तुम्हाला राहायचंय की विकायचंय?"

 म्हणणं खरंच होतं.

काम संपलं तेव्हा ढोलीची चाळण झाली होती. नातवंडांनी डोळे उघडल्याचा निरोपही येऊन गेला होता. सोनबाला शिंका आवरेनात. आणि बाहेर गिऱ्हाइकांची ही रांग! पोपट तर आत डोकावून हरखूनच गेला. साळुंकीशी भांडून त्यानं ढोली घेतली.

नवरी कुडकुडत म्हणाली, "अहो, इथे फार गार लागतंय."

"लागेना. शंभर वर्षं हातात आहेत. होईल सवय."

सोनबाची फांदी पक्की झाली. तो निघाला, आणि जाता जाता मागे वळला. कापसाचा पुंजका भोकातून बाहेर पडून वाऱ्यावर चालला होता. आत ती दोघं एकमेकांना चिकटून बसली होती. सोनबाचा जीव कळवळला. नव्या भोकांतून झाडाचा डिंक ओघळत होता. त्यानं त्यातला एक गोळा उचलला आणि पिंगळीला हळूच विचारलं, "वहिनी, पोरांची दोन भोकं बुजवून जाऊ का?"

पिंगळीनं एकच डोळा उघडला. ती जे म्हणाली, ते घोकून ठेवा, बाळांनो.

तात्पर्य : "भावजी, तो डिंक खाली ठेवा. एक भोक बुजलं, की एक वर्ष गेलं. कशाला पोरांचं नुकसान करता? गारठून मेली, तरी मागं शंभर भोकांचं घर राहील. उबेत जगून गेलेल्याच्या मागं काय राहतं?"