मुनशीकाका आणि उजवीकडून लिहिलेलं इंग्रजी

मुनशीकाकांना नमस्कार केला की हात जोडण्याआधी ते विचारत, "बदल्यात काय?" मग स्वतःच उत्तर देत, "बदल्यात नमस्कार," आणि हात जोडत. कुणी रस्ता विचारला, तर त्याच्या गावात पाऊस किती झाला हे काढून घेतल्याशिवाय त्याला सोडत नसत. फुकट घ्यायचं नाही आणि फुकट द्यायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. नवाबपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतले लोक त्यांना पाहून वाट बदलायचे आणि अडलं की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसायचे.

पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आमचं घर बुडालं ते श्रीमंती थाटात. माझे वडील, म्हणजे अण्णा, हिमरूच्या मागावर विणकर; हिमरू म्हणजे रेशीम-सुताचं बुट्टीदार कापड. हिमरूच्या शेरवान्या घालणारे नवाब आणि जहागीरदार कुणी शहर सोडून गेले, कुणी दार लावून बसले. मालकाकडं पैसा उरला नाही, म्हणून तो मजुरीऐवजी हिमरूच देऊ लागला. घरात ज्वारी नाही, पण उशांना रेशमी बुट्ट्यांचे अभ्रे. भाकरी ज्या फडक्यात गुंडाळायची ते फडकं भाकरीपेक्षा महाग. चार निजामी हाली रुपये गाठीला होते, तर दुकानदार म्हणे, हाली चालत नाही, हिंदुस्थान सरकारचे कलदार आणा.

मुनशीकाका कचेरीत नक्कलनवीस होते. मूळ कागदाची हुबेहूब उर्दू नक्कल उतरवायची, हे काम त्यांनी केस पिकेपर्यंत केलं. कारभाराची भाषा बदलली आणि एका सकाळी त्यांना घरी बसवलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. "हाली सिक्का अन् मी," ते हसून म्हणत, "दोघांनाही बाजारात कुणी घेईना."

पण स्वस्थ बसतील तर ते मुनशीकाका कसले! "पैसा गेलाय, हुन्नर कुठं गेलाय?" असं म्हणत त्यांनी गल्लीभर अदलाबदल सुरू केली. अण्णांचं हिमरू त्यांनी एका गवळ्याला दिलं आणि त्याच्याकडून आमचं दूध बांधलं. गवळ्यानं दिवाळीच्या पाडव्याला ते म्हशीच्या पाठीवर टाकून तिला शहरभर मिरवली. आपलं हातचं काम म्हशीच्या अंगावर बघून अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. दूध मात्र प्यायले.

आता माझं. आमच्या घराण्यात कॉलेज बाहेरूनसुद्धा कुणी पाहिलेलं नव्हतं. मी थेट आत शिरलो होतो. ही गोष्ट मी गल्लीत दिवसातून दोनदा तरी सांगत असे. माझं मॅट्रिक उर्दूतून झालेलं आणि कॉलेजात सगळं इंग्रजीत, ही गोष्ट मात्र मी सांगत नसे. इंग्रजीचं पुस्तक माझ्याकडं नव्हतं. अण्णांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. "इंग्रजीत पास झालास तर कालेज. न्हाई तर पिशोरला मामाच्या दुकानात गूळ तोलत बस."

मला गुळाचंसुद्धा वजन नीट जमत नव्हतं. मी मुनशीकाकांकडं गेलो.

त्यांनी साखळी जुळवली. दौलताबादच्या एका माळ्याच्या बागेची सनद उर्दूत होती. ती काकांनी वाचून दिली. बदल्यात टोपलीभर सीताफळं. स्टेशनाकडं राहणाऱ्या एका रिटायर मास्तरांना सीताफळाचा भारी शौक. बदल्यात ते आपलं जुनं इंग्रजीचं पुस्तक देणार. माझ्याकडं काम एकच. टोपली डोक्यावर घेऊन मास्तरांकडं जायचं.

"ऊन व्हायच्या आत पोचव," माळी म्हणाला. "डोळं उघडलेत फळांचे. लई वेळ दम धरणार न्हाईत."

निघालो. गुलमंडीवर कॉलेजातली चार पोरं पान खात उभी होती. आता कॉलेजविद्यार्थ्यानं डोक्यावर टोपली घेऊन त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे काय! मी एका बोळात शिरलो. पोरं हलेनात. मी भिंतीला टेकून, टोपली मांडीवर घेऊन, इभ्रत सांभाळत दुपारपर्यंत बसलो. सीताफळांना माझ्या इभ्रतीशी घेणं-देणं नव्हतं. मास्तरांच्या दारात पोचलो तेव्हा टोपलीतून रस गळून माझ्या कॉलरमधून पाठीवर उतरत होता, आणि गुलमंडीपासून माशांची एक वरातच मागे लागली होती.

मास्तरांनी टोपलीत डोकावून विचारलं, "फळं ठरली होती ना? ही बासुंदी कुणाची?"

पुस्तक मिळालं नाही. पिशोरचा गूळ मला डोळ्यांसमोर दिसू लागला.

मुनशीकाका रागावले नाहीत. शेरवानी अंगात घालून ते स्वतः मास्तरांकडं गेले. मास्तर पुण्याकडचे, इथं घर घेतलं, पण त्याचे कागद उर्दूत. काकांनी ते सगळे मराठीत उतरवून दिले. बदल्यात पुस्तक महिनाभर वापरायला आणलं.

"काका, महिनाभरात काय होणार?" मी म्हणालो.

"तुझं काय होणार ते अल्ला अन् पांडुरंग बघून घेतील. मी नक्कल काढतो."

"पण तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

"तुला येतं का?"

मी पुस्तक त्यांच्याकडं सरकवलं.

महिन्याच्या अखेरीला त्यांनी जाड वही माझ्या हातात ठेवली. एकेक अक्षर छापल्यासारखं. फक्त उजवीकडची कड दोरी धरल्यासारखी सरळ आणि डावीकडं प्रत्येक ओळ चेंगरून वर चढलेली. मग उलगडलं. काकांनी जन्मभराच्या सवयीनं प्रत्येक ओळ उजवीकडून सुरू केली होती, शेवटचं अक्षर आधी. डावीकडं पोचेपर्यंत जागा संपे, म्हणून प्रत्येक ओळीचा शेवट ऐसपैस आणि सुरुवात दाटीवाटीची. मास्तरांच्या पुस्तकावरचा शाईचा डाग काकांनी तसाच काढला होता. कसरीनं पाडलेली भोकं गोल करून दाखवली होती. एका पानावर तर चिरडलेला डास होता, सहाच्या सहा पायांसकट.

"काका, हा डास?"

"मूळ कागदात आहे."

"पण त्याच्याखाली शब्द होता!"

"मला काय ठाऊक? मी डास पाहिला, डास लिहिला. नक्कल म्हणजे नक्कल. आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

त्या वहीवर मी वर्षभर अभ्यास केला. परीक्षेत नेमका डासाच्या पानावरचा उतारा आला. डासाखालचा शब्द मला तेव्हा प्रथमच दिसला. तो 'कृतज्ञता' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता आणि मी त्याचा अर्थ चुकीचा लिहून आलो. तरी पास झालो. पिशोरचा गूळ वाचला.

पुढं बी.ए. झालो, सोयगावच्या शाळेत नोकरी लागली. निघताना पेढे घेऊन काकांकडं गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. सगळे सरकारी कागद एव्हाना मराठीत येऊ लागले होते. वाचून घ्यायला कुणाचं काही अडत नव्हतं. मी पेढे पुढं केले आणि त्यांच्या आधी मीच विचारलं, "काका, त्या वहीच्या बदल्यात काय?"

त्यांनी एक पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"महिन्याला एक कार्ड टाकत जा. उर्दूत."

"काय लिहू?"

"काहीपण. पाऊस, खोकला, पोरं किती नापास झाली. लोकांची खतं-पत्रं जन्मभर वाचली रे. माझ्या नावाचं एकबी आलं नाही."

सोयगावहून पहिलं कार्ड टाकलं. बी.ए.चा तोरा होताच, त्यामुळं सगळा मजकूर माझाच: माझा वर्ग, माझी खोली, माझा पगार. उर्दू गंजलेलं, पाच ओळींत सात चुका.

आठवड्यात उत्तर आलं. माझंच कार्ड होतं ते, शब्दन् शब्द, सातही चुकांसकट, काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात. पोस्टाचा शिक्कासुद्धा त्यांनी शाईनं हुबेहूब काढला होता. खाली एका कोपऱ्यात एवढंच: "बदल्यात."

स्वतःचं लिहिण्याजोगं त्यांच्याकडं काही नव्हतं. म्हणून माझंच सुख त्यांनी उतरवून घेतलं होतं. पुढच्या महिन्यापासून मी माझ्याबद्दल कमी आणि त्यांना विचारायचं जास्त लिहू लागलो. चौथ्या उत्तरात नकलेखाली त्यांची स्वतःची एक ओळ आली: "इकडं पाऊस बरा आहे."

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. मुनशीकाका होते तोवर एकही महिना कार्ड चुकलं नाही, त्यांचं किंवा माझं.