चौथ्या लेनची टोपली

शिक्केमामांना तीन दिवसांची रजा हवी होती आणि साहेब ती देत नव्हते. त्यात साहेबांची तरी काय चूक? शहरात आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरल्या होत्या आणि जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातल्या निम्म्या लोकांच्या दाढा नेमक्या त्याच आठवड्यात दुखायला लागल्या होत्या. शेवटी साहेबांनी फळ्यावर लिहून टाकलं, ‘स्पर्धा संपेपर्यंत कोणालाही किरकोळ रजा मिळणार नाही.’ आणि फळा पुसायचं डस्टर आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मामा म्हणजे दाखल्यांच्या खिडकीवरचे कारकून. सव्वीस वर्षं शिक्के मारत आल्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत; एकच व्यसन, शंभर मीटरची शर्यत. स्वतः कधी बसमागेसुद्धा पळाले नाहीत, पण कुठल्या वर्षी कोण जिंकला, किती सेकंदांत, वारा कुठून होता, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. बायकोच्या वाढदिवसाची मात्र दरवर्षी तिलाच आठवण करून द्यावी लागे.

असा माणूस, आणि त्याचा मेव्हणा स्टेडियमवर स्वयंसेवकांचा मुकादम! तो नेमका अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी घरी आला.

“भावोजी, एक माणूस कमी पडतोय. टोपली धरायला येता?”

“कसली टोपली?”

“पळणारे पळायच्या आधी अंगावरचे जादा कपडे काढतात ना, ते टोपलीत टाकतात. प्रत्येक लेनमागे एक टोपलीवाला. पुरुषांची शंभर मीटर, अंतिम फेरी, चौथी लेन.”

चौथी लेन सगळ्यांत वेगवान गड्यालाच मिळते हे मामांना माहीत होतं, आणि त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभं राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचं सर्टिफिकेट कार्यालयात पोचलं. ‘कंबरेत लचक. तीन दिवस सक्त विश्रांती. उठणे, वाकणे, जड उचलणे वर्ज्य.’

“मला काय, जा,” बायको म्हणाली. “पण पुढच्या महिन्यात हेडक्लार्कची जागा भरायची आहे आणि तुमचा नंबर पहिला आहे. टीव्हीवर दिसलात तर गेली ती.”

“टोपी नाकापर्यंत ओढून घेतो की!”

“आणि दातही झाका. तुम्ही हसलात की लांबूनसुद्धा ओळखू येता.”

संध्याकाळी मामा पिवळा टी-शर्ट, पिवळी पँट आणि पिवळी टोपी घालून चौथ्या लेनच्या मागे उभे राहिले. हातात प्लॅस्टिकची जाळीदार टोपली. मेव्हण्यानं नियम सांगितले होते. बोलायचं नाही, हसायचं नाही, टोपली क्षणभरही हातातून सोडायची नाही. स्वयंसेवकांच्या कपड्यांना खिसे नव्हते. होते ते सुरक्षेसाठी शिवून टाकले होते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम मामांना तिथे गेल्यावर कळला. कपडे पडले की टोपलीवाल्यांनी रांगेनं स्टँडखालच्या बोगद्यातून थेट शेवटच्या रेषेपाशी जायचं. म्हणजे बंदूक वाजेल तेव्हा मामा बोगद्यात!

“अहो, मग शर्यत?” त्यांनी कळवळून विचारलं.

“उद्याच्या पेपरात वाचा,” तिसऱ्या लेनचा टोपलीवाला म्हणाला.

चौथ्या लेनवाला आला. त्यानं जॅकेट टोपलीत टाकलं, पँट टाकली, चपला टाकल्या. मग अंगावर गुंजभरही वजन नको म्हणून बोटातली लग्नाची अंगठीही काढली. टोपलीत टाकणार तोच त्याचं लक्ष जाळीच्या भोकांकडे गेलं. त्यानं मामांकडे पाहिलं, अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ बंद करून वर दोनदा थोपटली. तो काहीतरी म्हणालाही. भाषा मामांना येत नव्हती, पण ‘जीव गेला तरी सांभाळ’ हे कुठल्याही भाषेत कळतं.

आता टोपली दोन्ही हातांनी धरायची, खिसा नाही, आणि अंगठी टोपलीत ठेवली तर पडणार. राहिलं काय? बोट. मामांनी अंगठी बोटाच्या मधल्या पेरापर्यंत चढवली आणि टोपली उचलली. टोपलीच्या कडेनं अंगठी पेर ओलांडून थेट मुळाशी जाऊन बसली. मामांना ते जाणवलं, पण रांग निघाली होती.

बोगद्याच्या मध्यावर ठो झालं. मग डोक्यावरच्या स्टँडमधून असा गजर उठला की भिंती थरथरल्या. दहा सेकंदांनी सगळं शांत. ज्या शर्यतीसाठी मामांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली थाप मारली, ती शर्यत त्यांनी भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरकडे बघत घालवली.

चौथ्या लेनवालाच जिंकला होता. कॅमेरे त्याच्याभोवती गोळा झाले होते आणि तो सगळ्यांना बाजूला सारत मामांकडे येत होता. येऊन त्यानं हात पुढे केला.

मामांनी अंगठी ओढली. अंगठी हलली नाही. त्यांनी बोट चोखून ओढली. बोट लाल झालं, अंगठी तिथेच. विजेत्यानं स्वतः ओढली तेव्हा अंगठीऐवजी मामाच एक पाऊल पुढे आले. मालिशवाल्यानं दुखऱ्या पायावर मारायचा गार फवारा मारला, त्यानं बोट बधिर झालं आणि आणखी सुजलं. कोणीतरी साबण मागवला, तर हवालदारानं बाटलीतला द्रव पदार्थ म्हणून तो गेटवरच अडवला.

विजेता दुभाषी बाईंना घाईघाईनं काहीतरी सांगू लागला.

“ते म्हणताहेत, त्यांची बायको तिसऱ्या रांगेत बसली आहे,” बाई म्हणाल्या, “आणि ती आधी बोट बघते, मग मेडल.”

“त्यांना म्हणावं, मी काय मुद्दाम—”

“ते असंही म्हणताहेत की बोट कापू नका. तुमच्याबद्दल त्यांना आदर आहे.”

तेवढ्यात आयोजकांचा माणूस घड्याळ नाचवत आला. “मैदानाची फेरी! जगभर थेट दाखवतायत! निघा!” विजेता जागचा हलेना. अंगठीशिवाय तो कुठेही जाणार नव्हता. “मग घेऊन जा या माणसाला!” आयोजक ओरडला.

विजेत्यानं मामांचा अंगठीवाला हात घट्ट धरला, उंच केला आणि पळायला सुरुवात केली.

चारशे मीटर! मामांचा एक हात हवेत, दुसऱ्या हातात टोपली, कारण ती सोडायची नव्हती. समोर मोठ्या पडद्यावर स्वतःची पिवळी आकृती दिसताच हेडक्लार्कची खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढून तरंगत गेली. त्यांनी टोपली तोंडापुढे धरली. कॅमेरा डावीकडून आला की टोपली डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे. तिसऱ्या रांगेतल्या बायकोनं ते बघितलं आणि ती पोट धरधरून हसली. मग पदक द्यायची वेळ झाली. चौथरा तिघांसाठी होता. पहिल्या नंबरच्या बाजूला खाली मामा उभे राहिले, हात वर, टोपली तोंडावर, चपला आत.

नंतर डॉक्टरांनी बोटाला दोरा गुंडाळला आणि अंगठी मिनिटभरात काढून दिली. एवढं सोपं होतं, पण ते आधी कोणाला सुचलं नाही. विजेत्यानं मामांना कडकडून मिठी मारली. त्या वेळी तिथे एकही कॅमेरा नव्हता.

मामा धास्तावलेल्या मनानं घरी आले.

“पाहिलंस?”

“पाहिलं की. डोळे फाडफाडून बघितलं, तुम्ही कुठेच दिसला नाहीत. तो एक मेला टोपलीवाला सारखा मध्ये मध्ये कडमडत होता.”

“अगं, तो मीच!”

“काहीतरीच! तो चांगला पळत होता.”

मामा वाचले होते. सुटकेचा श्वास टाकून ते जेवले, झोपले, आणि पहाटे पाचला त्यांना जाग आली ती वाईट वाटूनच.

तीन दिवसांनी ते कार्यालयात गेले, तर तिथे दुसरा विषयच नव्हता. साहेबांच्या टेबलावर पेपर पसरला होता. पहिल्या पानावर विजेत्याचा फोटो, त्याच्या हातात एक हात, आणि त्या हातवाल्याच्या तोंडाच्या जागी टोपली.

“हा त्याचा गुरू असणार,” टंकलेखक म्हणाला.

“छे, गुप्त पोलीस. टोपलीत पिस्तूल असतं,” शिपाई म्हणाला.

“कोणी का असेना,” साहेब म्हणाले, “भाग्य लागतं हो! त्या माणसाच्या चार पिढ्या ही गोष्ट सांगतील. नाहीतर आपण. शिक्केमामा, कंबर कशी आहे?”

मामांनी तासभर दम धरला. एकवीस दाखल्यांवर शिक्के मारले, त्यातले दोन उलटे. मग ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

“साहेब, तो टोपलीवाला मी होतो.”

खोलीत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे फाइल उघडली.

“उठणे, वाकणे, जड उचलणे वर्ज्य. हे सर्टिफिकेट. आणि तो माणूस चारशे मीटर पळालाय. मामा, कागदावर तुम्ही अंथरुणात आहात.”

“पण साहेब, मी खरंच...”

“हे बघा,” साहेबांनी आवाज खाली आणला, “वरिष्ठांकडे तुमचं नाव आजच पाठवतोय. मी काही ऐकलं नाही. जा, खिडकीवर रांग लागलीय.”

मामा जागेवर बसले. साहेब मनानं वाईट नव्हते, ते सुटकेचं दार उघडं ठेवून बसले होते. नुसतं गप्प बसलं की हेडक्लार्क! पण रांगेतला पहिलाच माणूस खिडकीत डोकं घालून म्हणाला, “तो टोपलीवाला पाहिलात का हो?” आणि मामांनी कोरा कागद ओढला. ‘विषय : आजारपणाची रजा रद्द करणेबाबत. महोदय, उक्त तीन दिवसांत माझी कंबर दुखत नव्हती.’ खाली सगळी हकीकत, लेन क्रमांकासह.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “फाडून टाकू का?”

“नको. आवक क्रमांक टाका.”

आठवड्यात हेडक्लार्कच्या खुर्चीवर टंकलेखक बसला आणि मामांच्या हाती मेमो पडला. मामांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि सात दिवसांची मुदत असताना जागच्या जागी खुलासा लिहून दिला : ‘मेमोतील मजकूर शब्दशः खरा आहे.’ संध्याकाळी ते मेमो घेऊन फ्रेमवाल्याच्या दुकानात गेले.

“चांगली लाकडी करा. काच लावून. दर्शनी भिंतीवर लावायचाय.”

फ्रेमवाल्यानं चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, “‘आपण कार्यालयाची दिशाभूल करून, विजेत्या धावपटूचा हात धरून, संपूर्ण मैदानास एक फेरी मारली व पदक प्रदान करतेवेळी त्याच्या शेजारी उभे राहिलात, असे निदर्शनास आले आहे...’ अहो, हा तर मेमो आहे! पेपरातला फोटो लावा ना, तो देखणा आलाय.”

“फोटोत मी ओळखू येत नाही हो,” मामा म्हणाले. “यात नाव आहे, तारीख आहे, खाली साहेबांची सही आहे, आणि शिक्का तर मी स्वतः मारलाय.”