हरिश्चंद्र गोळीवर येतात

"काका, आजपासून सलाइन बंद. तेच औषध आता गोळीतून," डॉक्टर मनस्वी म्हणाली.

न्यूमोनिया होऊन रत्नागिरीच्या रुग्णालयात आलेल्या हरिश्चंद्रांचा ताप उतरला होता, पेज पोटात ठरत होती. तरी हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"गोळी? अगो मुली, मग मी आजारी कसला?"

"गोळीही तेवढंच काम करते. उगाच सुई ठेवली तर हात सुजेल. उद्या गावी, पावसला घरी जा."

त्यांच्या लहानपणी सायकलवरून येणारा कंपाउंडर साध्या खोकल्यालाही सुई टोचायचा. जितकी दुखेल तितकं औषध जालीम, असं सारी वाडी मानायची. आजही तिथे आजाराचं वजन सलाइनच्या बाटलीवरच ठरतं. त्यात संदेश मुंबईहून निघाला होता. एरवी फोनवर नुसतं 'बघतो' म्हणणारा मुलगा 'बाबा सिरीयस' ऐकून एकदाचा येत होता.

"मला गोळी खाताना बघितलान, तर आल्या गाडीने परत जाईल मेला," हरिश्चंद्र बायकोला म्हणाले.

नर्स सुई काढून गेली. स्टँडवरची रिकामी बाटली मात्र न्यायची राहिली. कमळाबाईंनी नळीचं टोक नवऱ्याच्या चादरीखाली सरकवलं आणि पदराने डोळे पुसायचा सराव केला.

संदेश आला आणि बाटली बघून दारातच थबकला. कुणाला काही न विचारता त्याने फोन लावला, "ॲम्ब्युलन्स हवीय. बाबांना मुंबईला हलवायचंय. आता कायमचे माझ्याकडेच ठेवणार, डोंबिवलीत."

बागेत कैऱ्या धरलेल्या, माकडं टपलेली, आणि आपण डोंबिवलीत? हरिश्चंद्र ताडकन उठले, नळी भिरकावली आणि दुपारची गोळी पोराच्या डोळ्यांदेखत गिळली.

"हे बघ! गोळीवर आहे मी! ठणठणीत!"

कमळाबाईंना आता रडावं की थांबावं, कळेना.

"म्हणजे मला फसवून आणलंत?"

"नुसतं बोलावलं तर येतोस काय?"

संदेशने फोन बंद केला. खुर्चीत बसताना त्याची नजर पुन्हा बाटलीवर गेली.

"बाबा, जरा आडवे व्हा. आई, ती नळी होती तशी लाव."

"कशाला रे?"

"साहेबांनी दोनच दिवस सुट्टी दिलीय. फोटो पाठवला तर आठवडा देतील."

हरिश्चंद्र निमूट आडवे झाले. चादर गळ्यापर्यंत ओढून घेत त्यांनी विचारलं, "कण्हू काय?"

"फोटोत आवाज येत नाही, बाबा."

"मग व्हिडिओ काढ. शिमगा होईपर्यंत राहशील."