जावईबापूंचं वाकडं स्टिअरिंग

सगळं सुरू झालं ते सासऱ्यांच्या मोतीबिंदूपासून. ऑपरेशन झालं आणि इतकी वर्षं धूसर दिसणाऱ्या जगात जे जे वाकडं होतं, ते ते त्यांना स्वच्छ दिसू लागलं. मग ते लेकीकडे राहायला आले. जावईबापू स्टेशनवर घ्यायला गेले आणि गाडी रस्त्याला लागते न लागते तोच सासऱ्यांनी नवा चष्मा सावरून विचारलं,

"जावईबापू, स्टिअरिंग वाकडं आहे की तुम्हीच वाकडे बसता?"

आता, स्टिअरिंग वाकडं होतं हे खरं. रस्ता कितीही सरळ असो, ते जरासं कललेलंच असायचं. (जावईबापू कचेरीत कारकून. साहेबासमोर मान कलती ठेवायची सवय असल्यामुळे त्यांना ते कधी खटकलं नव्हतं.) पण सासऱ्यांपुढे कबूल कोण करणार? या मॉडेलला असंच असतं, असं त्यांनी ठोकून दिलं. सासरे "असं का" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. ते "असं का" जावईबापूंच्या जिव्हारी लागलं. घर येईपर्यंत त्यांचं ठरून गेलं: सासरे परत जातील ते सरळ स्टिअरिंगच्या गाडीतून जातील, आणि ते स्टिअरिंग सरळ होईल ते आपल्याच हातांनी.

बायकोने गॅरेजचं नाव काढून पाहिलं.

"एक नट तर काढायचा," जावईबापू म्हणाले. "स्टिअरिंग काढलं, सरळ बसवलं, नट आवळला. याला गॅरेज कशाला?"

बायको काही बोलली नाही. मिक्सरच्या वेळी आणि गीझरच्या वेळीही ती काही बोलली नव्हती. तिने फक्त नवे आणले होते.

रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर जावईबापूंनी पाना हातात घेतला. सासऱ्यांनी अंगणात खुर्ची टाकली आणि पेपर उघडला, पण पान काही उलटलं नाही. नट निघाला. अगदी सुखासुखी निघाला. जावईबापूंनी तो सासऱ्यांना दिसेल असा उंच धरला.

"नट पुरता काढू नका हो," सासरे म्हणाले. "दोन आटे राहू द्यावेत. नाहीतर स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर येतं."

सल्ला योग्य होता. पण तो सासऱ्यांचा होता. जावईबापूंनी नट खिशात टाकला आणि स्टिअरिंग ओढलं.

ते हललं नाही. तेल सोडलं, हललं नाही. हातोडीने खालून ठोकलं, तेव्हा बोनेटवरचं मांजर तेवढं हललं. मग जावईबापूंनी सीट मागे घेतली, दोन्ही पाय डॅशबोर्डला लावले आणि डावीकडे पिळ, उजवीकडे पिळ, अशी झटापट सुरू केली. जेवणाची वेळ टळून गेली. बायको दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा तिने मेकॅनिकला फोन लावू का, असं विचारलं आणि तिथेच काम चिघळलं.

"या घरात आज एक तर हे स्टिअरिंग राहील, नाहीतर मी," जावईबापू गरजले.

शेवटी बायको मागच्या सीटवर बसली, तिने नवऱ्याला काखेत हात घालून धरलं आणि दोघांनी मिळून जोर लावला. 'टक्' असा आवाज झाला. जावईबापूंना क्षणभर काही दिसेना. सासऱ्यांना मात्र सगळं नीट दिसलं.

"लागलं का हो?" बायकोने घाबरून विचारलं.

"निघालं," जावईबापू नाक धरून म्हणाले.

रक्त थांबल्यावर त्यांनी स्टिअरिंग दांड्यावर ठेवलं, एक डोळा मिटून नाकासमोर धरलं (नाक जागेवर आहे असं समजून) आणि अगदी सरळ बसवलं. मग नट असा आवळला, की तो पुन्हा कुणाच्या बापाला सुटू नये. सासऱ्यांना गाडीत बसायचं निमंत्रण दिलं आणि गल्लीत गाडी काढली. स्टिअरिंग सरळ. गाडी मात्र उजवीकडे वळून शेजाऱ्यांच्या फाटकाकडे निघाली.

झालं होतं असं, की दिवसभराच्या पिळापिळीत पुढची चाकं वळून बसली होती आणि ती पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आता गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग पाव फेरा डावीकडे धरावं लागत होतं. आधीचं वाकडेपण या मानाने दृष्ट लागण्यासारखं होतं. सासरे पुन्हा "असं का" म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्याने निमूट नट सोडला असता. जावईबापू त्यातले नव्हते. हात असे राहिले की खांद्यांना आराम मिळतो, आपण मुद्दामच तसं बसवलं, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. ते रोज कचेरीला तसेच गेले. स्टिअरिंग सरळ दिसावं म्हणून मान आणि कंबर डावीकडे झुकवायचे. साहेबांनी मणक्याच्या डॉक्टरचा पत्ता दिला, तो त्यांनी आभार मानून खिशात ठेवला. हळूहळू हाताला अशी सवय झाली, की स्टिअरिंग पाव फेरा डावीकडे गेल्याशिवाय त्यांना गाडी सरळ चालल्यासारखी वाटेना.

सासऱ्यांच्या परतीचा दिवस आला. नवरा दुपारी जेवून घोरू लागल्यावर बायको दबक्या पावलांनी फाटकाशी गेली. बापाचे नवे डोळे तिला प्रिय होते, आणि नवराही होताच. तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने पुढची चाकं आधी सरळ केली, स्टिअरिंग उतरवून नीट बसवलं आणि तो गेला. नवऱ्याला कळू द्यायचं नाही, असं बापलेकीचं ठरलं. मानी माणूस आहे, आपण केलेलंच जमलं असं वाटू दे, असं सासरेच म्हणाले.

संध्याकाळी बॅग डिकीत गेली. सासरे फाटक उघडायला पुढे झाले. जावईबापू रुबाबात आत बसले, गाडी सुरू केली आणि पाहतात तो स्टिअरिंग सरळ. म्हणजे चाकं उजवीकडे वळलेली असणार, असा त्यांनी अनुभवी माणसाप्रमाणे निष्कर्ष काढला. बायकोने हात वर केला, तो निरोपाचा समजून त्यांनी हसून मान डोलावली, सवयीने पाव फेरा डावीकडे घेतला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी डावीकडे वळून फाटकाच्या डाव्या खांबावर आदळली. दिवा फुटला, घराची पाटी खाली आली आणि नुकतं बरं झालेलं नाक पुन्हा स्टिअरिंगला भेटलं.

"गाडीतच दोष आहे," जावईबापू रुमालाआडून म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय."

सासऱ्यांनी डिकीतून बॅग काढून घेतली. मग चष्मा सावरून खिडकीतून आत वाकले आणि आधी स्टिअरिंगकडे, मग जावईबापूंकडे नीट निरखून पाहिलं. आल्या दिवशी विचारलेला प्रश्न ते विसरले नव्हते.

"स्टिअरिंग तर सरळ आहे," ते म्हणाले आणि रिक्षा बघायला निघाले.