भूक लागत असल्याचा दाखला

आहारशास्त्र विभागाच्या वेळापत्रकातून मधली सुट्टी काढून टाकण्यात आली, यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. अभ्यासक्रमात ‘वेळेवर जेवणाचे महत्त्व’ हा नवा विषय आला होता आणि त्याला तास मिळत नव्हता. दुपारी एक ते दोन ही वेळ रोज नुसती खाण्यात वाया जाते, हे विभागप्रमुखांच्या लक्षात आले आणि तासाची सोय झाली.

त्या वर्गात एका शिंप्याची मुलगी होती. साखरेच्या दुखण्यात वडिलांच्या पायाची दोन बोटे गेली, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “काय खायचं, कधी खायचं, हे आधी कोणी नीट सांगितलंच नाही गं.” ते तिच्या मनात रुतून बसले. इस्पितळात आहारतज्ज्ञ व्हायचे तिने त्याच दिवशी ठरवले. मुलगी हुशार होती. खोट एकच होती. शिकवलेले तिला खरे वाटायचे.

“पाच तासांहून जास्त उपाशी राहिलं की चक्कर, चिडचिड आणि लक्ष न लागणं ही लक्षणं दिसतात,” मॅडम शिकवत होत्या. मागच्या तीन बाकांवर ती तिन्ही दिसत होती. मुलीने हात वर केला.

“मॅडम, आपण आठला येतो आणि चारला सुटतो. मग आपण जेवायचं कधी?”

मॅडम स्वतः सकाळपासून दोन कप चहावर उभ्या होत्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिले. “प्रश्न चांगला आहे,” त्या हळूच म्हणाल्या, “पण परीक्षेला येणार नाही.”

ती विभागप्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, “लेखी द्या.” तिने लेखी दिले. आठ दिवसांनी उत्तर आले : ‘आपणांस भूक लागते या विधानाच्या पुष्ट्यर्थ वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.’

विद्यापीठाचा दवाखाना एक ते दोन याच वेळेत उघडा असे. सात दिवस ती रांगेत उभी राहिली. सातव्या दिवशी डॉक्टर भेटले. त्यांनी तिच्या पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकले.

“आवाज येतोय,” ते म्हणाले. “पण भूक हा आजार नाही, त्यामुळे दाखला देता येत नाही. चक्कर येऊन पडलीस तर देता येईल.”

“कधी पडू?”

“एक ते दोनच्या दरम्यान.”

एक ते दोनचे सात तास बुडाल्याने ‘वेळेवर जेवणाचे महत्त्व’ या विषयातली तिची हजेरी कमी भरली आणि परीक्षेला बसता येणार नसल्याची नोटीस आली. घरी वडील चिडले. “एका जेवणापायी वर्ष घालवतेस? मी तीस वर्षं मशीनवरून उठलो नाही जेवायला!” एवढे बोलून त्यांची नजर स्वतःच्या पायाकडे गेली. ते सुईत दोरा ओवत बसले.

तिच्या विनंतीवरून चौकशी समिती नेमली गेली. सगळ्यांना सोयीची म्हणून बैठक दुपारी एकला ठेवली आणि वेळ जेवणाची असल्याने सदस्यांसाठी जेवणही ठेवले. मुलगी समोर उभी होती.

“तुमची तक्रार...” अध्यक्ष म्हणाले, आणि घास गिळून पुन्हा म्हणाले, “तक्रार नेमकी काय आहे?”

समितीने विद्यार्थ्यांची पाहणी केली. प्रश्न एकच होता, ‘तुम्हाला वर्गात भूक लागते का?’ खाली नाव आणि हजेरी क्रमांक लिहिणे सक्तीचे होते. अंतर्गत गुण विभागाच्या हातात होते. साठांपैकी एकोणसाठ जणांनी ‘नाही’ लिहिले. साठावा कागद मुलीचा होता. तो तक्रारदाराचाच असल्याने बाद झाला. विभागातील शंभर टक्के विद्यार्थी तृप्त असल्याचा अहवाल गेला.

परीक्षेला बसायचे तर माफीनामा हवा होता. तिने लिहिले, ‘मला भूक लागली नव्हती.’ खाली सही केली. ‘वेळेवर जेवणाचे महत्त्व’ या विषयात ती विद्यापीठात पहिली आली.

पुढे तिला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. एकदा तिच्यासमोर एका कचेरीतला पन्नाशीचा शिपाई येऊन बसला. साखर तीनशेच्या वर होती.

“काका, वेळेवर जेवता का?”

“बसतो की, ताई. पण डबा उघडला की साहेबांची बेल वाजते. कधी फाईल, कधी पाणी. मग राहूनच जातं.”

तिने छापील पत्रक बाजूला सारले आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले, ‘यांना रोज एक वाजता जेवू द्यावे.’ शिपायाने तो कागद वाचला, घडी घातली आणि परत टेबलावर ठेवला.

“नको, ताई. साहेबांना वाईट वाटेल. तसे मनाने फार चांगले आहेत. वाचनाची आवड आहे त्यांना. कारभाराची टर उडवणाऱ्या गोष्टी तर खूप आवडतात. जेवण झालं की खुर्चीत रेलून वाचतात, एकटेच हसतात. म्हणतात, काय लोक असतात बघ, कोणाला कोणाच्या भुकेचं काही नाही.”

“आणि मग?”

“मग बेल मारतात.”

गोष्ट संपली. आता बेलवरचा हात जरा काढा. तुमचा शिपाई आत्ताच जेवायला बसला आहे.